कुलगुरूंची शिकवणी

डॉ. गंगाधर पडिले आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होते, कारण बाहेरच्या खोलीत वाणिज्य शाखेचे अधिष्ठाता अण्णांसमोर स्वतःच्या बालपणाची हलाखी सांगत होते. दोघंही मन्याडखोरे विद्यापीठाच्या कुलगुरुपदाचे उमेदवार. अण्णांनी आपल्याला, आणि फक्त आपल्यालाच, शिकवायला घेतलंय अशी दोघांचीही पक्की समजूत. पडिले दिलेल्या वेळेच्या बरेच आधी आले, म्हणून आईनं त्यांना मागच्या दारानं आत घेतलं होतं.

"सर, उगं हात मोकळे ठेवून काय बसायलाव," आई म्हणाली, "तेवढा लसूण तर सोला."

पडिले एका मोठ्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी घरी कधी पाण्याचा तांब्याही उचलला नसावा. पण कुलगुरुपद म्हटलं की माणूस लसूणसुद्धा सोलतो.

"काकू, बाहेर कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"विम्याचा माणूस आहे."

"विम्याचा माणूस संशोधनाच्या दर्जाबद्दल बोलायलाय?"

"आजकाल विमेवाले कशावरबी बोलतेत," आई म्हणाली आणि फोडणीत मोहरी टाकली. मोहरी तडतडल्यामुळे पुढचं त्यांना ऐकू आलं नाही.

मी दारात उभी राहून हसू दाबत होते. बाहेर अण्णांच्या शेजारी माझी खुर्ची रिकामी होती, तिथं जाऊन मला अधिष्ठातासाहेबांना प्रश्न विचारायचे होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील बापूराव हिंगमिरे, याच विद्यापीठाचे निवृत्त कुलसचिव. कुलगुरू आले आणि गेले, अण्णा फायलींमागे तसेच होते. कुलगुरू नेमताना तीन जणांची शोध समिती बसते, ती उमेदवारांना बोलावते, उलटसुलट विचारते आणि नावं कुलपतींकडे पाठवते. हे सगळं अण्णांनी इतक्या वेळा जवळून पाहिलं होतं की समितीतला कोण कुठल्या वाक्याला मान डोलावतो, हेही ते सांगत. आमच्या गावात बारावीचे क्लास, पोलीस भरतीचे क्लास, तलाठ्याचे क्लास. मग कुलगुरूंचा असला तर बिघडलं कुठं, असं अण्णांचं म्हणणं. फी मात्र ते एक पैसाही घेत नसत. त्यांना हवं होतं ते वेगळंच, आणि ते माझ्यासाठी हवं होतं.

मी विद्यापीठात इतिहास शिकवत होते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. मे महिना आला की नोकरी संपायची आणि पावसाळ्यात परत अर्ज करायचा. अशी अकरा वर्षं गेली होती. माझ्याबरोबरचे काहीजण शिकवणं सोडून शेतीला लागले, एकानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. विभागात माझ्या नावाची खुर्चीसुद्धा नव्हती. एखादे कायम प्राध्यापक रजेवर असले की त्यांच्या खुर्चीत बसायचं, ते आले की उठायचं. मला हे आतून खात होतं, आणि अण्णांना त्याहून जास्त.

म्हणून त्यांनी बेत केला. या खेपेला ज्यांची नावं शेवटपर्यंत जातील असं वाटत होतं, त्या पाचही जणांना त्यांनी गुपचूप एकेक करून शिकवायला घेतलं. प्रत्येकाकडून शेवटी चहाच्या वेळी शब्द घेतला.

"आमच्या तनुजाचं बघाल ना, सर?"

"हिंगमिरे साहेब, हे काय सांगणं झालं? तनुजा म्हणजे माझी लेकच की."

या हिशोबानं मी एकाच वेळी चार थोर पुरुषांची लेक झाले होते. पाचव्याबद्दल पुढं सांगते.

"कुणीबी होऊ दे," अण्णा आईला म्हणत, "आपलाच होणार."

आमच्या जेवणाच्या टेबलाशी खोटी शोध समिती बसायची. अध्यक्ष अण्णा. दुसरे सदस्य शेजारचे निवृत्त फौजदार बिडवेकाका. ते 'राष्ट्रीय संस्थेचे संचालक' म्हणून बसत आणि उमेदवार काहीही बोलला तरी "खरं सांगा" एवढंच म्हणत. भल्याभल्यांना त्यानं घाम फुटायचा. तिसरी सदस्य मी. एरवी ज्यांच्या केबिनबाहेर मी अर्ज घेऊन तास-तास उभी राहिले असते, ते माझ्यासमोर हात जोडून बसत आणि म्हणत, "मॅडम, प्रश्न परत एकदा विचारता का?" मी विचारायची. मला फार मजा यायची, हे कबूल करायला काय हरकत आहे?

अण्णांची पद्धत पक्की होती. सुरुवात हलाखीच्या बालपणानं, मध्ये विद्यार्थी केंद्रस्थानी, मग उद्योगांशी करार, शेवटी एक संतवचन. शेर नको, समितीत कुणाला आवडतो, कुणाला नाही. हलाखी सक्तीची. यात वाणिज्यवाल्या अधिष्ठातांची पंचाईत झाली, कारण त्यांचे वडील साखर कारखान्याचे संचालक होते आणि घरी दोन मोटारी होत्या.

"आत्या असेल की गरीब," अण्णा म्हणाले.

"आहे एक. पण तिचंही बरं चाललंय."

"लहानपणी तिच्याकडं शेळी होती का?"

"असेल बहुतेक."

"मग तुम्ही सुट्टीत आत्याची शेळी राखत राखत अभ्यास केला. शेळीच्या मागं फिरताना पाठांतर झालं. हे सांगताना जरा थांबायचं. डोळे पुसायचे नाहीत, नुसतं थांबायचं."

शेळी इतकी फर्मास वठली की अण्णांना मोह आवरला नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी ती प्राणिशास्त्रवाल्यांना दिली, आणि मग पडिल्यांनाही. मी म्हटलं, "अण्णा, एकाच शेळीवर तिघं शिकले म्हणायचं का?" अण्णा म्हणाले, "तिघांच्या मुलाखती वेगवेगळ्या होतात. शेळ्या मोजायला कोण बसलंय?"

मीही माझ्या परीनं एक उद्योग केला. खाजगीत दिलेला शब्द हा राजकारण्याच्या आणि कुलगुरूच्या तोंडून कसा वाफ होऊन जातो, हे मी अकरा वर्षं पाहत होते. आणि माझ्या एकटीचं झालं तरी बाकीच्यांचं काय? म्हणून मी प्रत्येकाला एक वाक्य पाठ करायला लावलं: "पहिल्या वर्षात मी सगळ्या रिक्त जागा भरीन, आणि तासिकेवर एकही शिक्षक ठेवणार नाही." खऱ्या शोध समितीच्या अध्यक्ष डॉ. कुमुदिनी रेगे यांना हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे, अशी लोणकढी मी ठोकून दिली. मुलाखतीचं चित्रीकरण होतं हे मला माहीत होतं. म्हणजे उद्या यांतला कुणीही झाला तरी त्याच्याच तोंडून निघालेलं वाक्य त्याला दाखवता येणार होतं. चौघांनी ते घडाघडा पाठ केलं. पडिले तर ते म्हणताना छातीवर हात ठेवत.

पाचवे डॉ. माणिक सुकणे. शेजारच्या जिल्ह्यात भूगर्भशास्त्र शिकवायचे. आपण होऊन ते आलेच नसते, बायकोनं धाडलं होतं. स्कूटरवरून आले, बुटांना मुरूम लागलेला, वेळ टळून गेलेली.

"बालपण?" अण्णांनी विचारलं.

"चांगलं गेलं. वडिलांचं कापडाचं दुकान होतं."

अण्णांनी शेळी पुढं केली. सुकणे म्हणाले, "मला शेळीची भीती वाटते, साहेब." बिडवेकाका नेहमीप्रमाणे म्हणाले, "खरं सांगा." सुकणे म्हणाले, "खरंच वाटते. लहानपणी एकीनं पोटात ढुशी मारली होती."

मग मी माझं वाक्य त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे मला म्हणता येणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"जागा भरायला शासनाची मान्यता लागते. ती कुलगुरूच्या हातात नसते. मी मागे लागीन, भांडीन, मंत्रालयात बसून राहीन, एवढं म्हणेन. भरीन असं नाही म्हणणार."

"सगळे म्हणतात, सर. एवढं म्हणायला काय जातंय?"

"सगळे म्हणत आले, म्हणून तर तुम्ही अजून तासिकेवर आहात ना, मॅडम?"

माझ्या कानशिलात सणसणलं. खरं बोलणं ऐकायला बरं असतं म्हणणाऱ्याला कधी ते स्वतःबद्दल ऐकावं लागलेलं नसतं. मी त्यांना सरळ शून्य गुण दिले आणि तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू त्यांचाही तोच अंदाज होता.

चहाच्या वेळी अण्णांनी नेहमीचा प्रश्न काढला. "आमच्या तनुजाचं बघाल ना, सर?"

सुकण्यांनी बशी खाली ठेवली. "जाहिरात निघाली की अर्ज करू द्या. मुलाखतीत सरस ठरल्या तर लागतील."

स्कूटर कोपऱ्यावरून वळली तसे अण्णा म्हणाले, "हा माणूस कुलगुरू होत नसतो." आई म्हणाली, "पोहे मात्र सगळे खाल्ले बघा त्यानं."

अण्णांचा अंदाज चुकला नाही. शेवटच्या फेरीला पाचच नावं उरली, आणि पाचही आमच्या टेबलावरून गेलेली. मुलाखती मुंबईला होतात, पण रेगेबाईंनी या वेळी हट्टानं त्या आमच्याच विद्यापीठाच्या अतिथिगृहात ठेवल्या. ज्या गावी नांदायचं ते गाव उमेदवारांनी बघून तरी जावं, असं त्या म्हणाल्या म्हणे. कुलपतींकडे त्यांचाच शब्द चालतो, अशी बोलवा होती. मुलाखतींच्या दिवशी अण्णा सकाळपासून येरझारा घालत होते. माझ्या बारावीच्या निकालालाही ते एवढे अस्वस्थ नव्हते.

दुपारी अतिथिगृहाची गाडी आमच्या दाराशी उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "रेगेबाईंनी हिंगमिरे साहेबांना बोलवलंय. आणि साहेबांकडं प्रश्न विचारणाऱ्या मॅडम आहेत म्हणं, त्यांनाबी."

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. आईनं त्यांना गोळी दिली, पाणी दिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "तू बोल. ह्यांला बोलू देऊ नको. हे नियम सांगत बसतेत."

अतिथिगृहाच्या त्या खोलीत मी आधी एकदाच गेले होते, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला. रेगेबाई सत्तरीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, केस कापलेल्या. दोन्ही बाजूंना समितीचे इतर दोघे. समोर चहा होता, पण तो निवून गेलेला दिसला.

"बसा," त्या म्हणाल्या. "हिंगमिरे साहेब, तुमच्याकडे शेळी आहे का हो?"

अण्णा उभेच राहिले. "नाही, बाई."

"आज सकाळपासून मी तीन वेळा तीच शेळी ऐकली. आत्याची. तिघंही एकाच जागी थांबले. तिसऱ्याला मी विचारलं, ही शेळी नक्की कुणाची? त्यांनी थोडा वेळ वर बघितलं आणि म्हणाले, हिंगमिरे साहेबांची."

समितीतल्या एकांनी रुमाल तोंडाला लावला. शेळीवाले तिसरे म्हणजे वाणिज्यवाले, हे मला न सांगताच कळलं. खोटं बोलायला धैर्य लागतं, आणि ते कुठल्याच शाखेत शिकवत नाहीत.

"हे नियमात बसतं का?" बाईंनी विचारलं.

नियम म्हटल्यावर अण्णांच्या अंगात बळ आलं. "नियमात याला मनाई कुठं नाही, बाई. मी सगळी कलमं पाहिली होती."

"ते तुम्ही पाहिलं असणारच." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि चार जणांनी मला शब्दाला शब्द जुळवून सांगितलं, की एका वर्षात सगळ्या जागा भरीन, तासिकेवर कुणी ठेवणार नाही. हे तुमचं?"

"हो."

"तुम्ही स्वतः?"

"तासिकेवरच आहे. इतिहास शिकवते."

"किती वर्षं?"

मी सांगितलं.  त्या पुढं झुकून म्हणाल्या, "असं सांगा मला. या पाचांपैकी तुमच्या वर्गात नापास कोण झालं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्या मनातलं स्पष्ट दिसत होतं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. सुकण्यांचं नाव घ्यावं आणि गप्प बसावं. पाचांतला एक जाईल, आणि तो असा एकटाच, ज्यानं आम्हाला शब्द दिला नव्हता. उरलेल्या चौघांपैकी कुणीही झाला तरी मी लागणार होते. पडिल्यांचं पारडं जड होतं, आणि पडिल्यांनी तर आमचा लसूण सोलला होता.

"डॉ. सुकणे," मी म्हणाले.

अण्णांनी सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला.

"का?" बाईंनी विचारलं.

एवढंच विचारलं त्यांनी. तयारी कमी पडली, असं म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं. उशिरा आले, शेळी घेतली नाही, संतवचन अर्धवट म्हटलं, ही सगळी कारणं माझ्यापाशी तयार होती. माझी जीभ त्यांतल्या कुठल्याही कारणावर गेली असती. पण मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता, आणि तो राग कशाचा आहे हे त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं.

"कारण ते म्हणाले, जागा भरणं माझ्या हातात नाही. मागे लागीन, भांडीन, पण भरीन म्हणणार नाही. मी खूप सांगितलं, नुसतं म्हणायला काय जातंय. तरी म्हणाले नाहीत. आणि वडिलांनी माझ्या नोकरीचं विचारलं तर म्हणाले, अर्ज करू द्या, सरस ठरल्या तर लागतील. पाचांत तसं म्हणणारे ते एकटेच. बाकी चौघांनी मला आधीच लावून टाकलंय."

अण्णा खुर्चीत बसले. बसले म्हणजे पडलेच.

रेगेबाईंनी काही लिहून घेतलं नाही. त्यांनी गार चहा उचलून पिऊन टाकला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. या तुम्ही."

महिनाभरानं डॉ. माणिक सुकणे कुलगुरू झाले. अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जेवताना ते आईला सांगत, "तिला म्हणावं, भाजी वाढून घे." आई म्हणे, "ती काय परगावी आहे का? तुमीच म्हणा." पडिले पुढच्या वर्षी दुसऱ्या एका विद्यापीठात कुलगुरू झाले, शेळी वजा करून. अण्णांनी मोठ्या आशेनं त्यांना फोन लावला. साहेब बैठकीत होते. ते पुढंही बैठकीतच राहिले. तेव्हा कुठं अण्णा मला थेट म्हणाले, "भाजी घे."

सुकण्यांनी काय केलं? मंत्रालयात जाऊन बसले. परत आले. परत गेले. तिथले शिपाई त्यांना नावानं ओळखायला लागले म्हणतात. आम्ही तासिकावाले दर उन्हाळ्यात घरी आणि दर पावसाळ्यात अर्ज घेऊन रांगेत. मला त्यांचा किती वेळा राग आला ते मोजलं नाही. एकदा आवारात भेटले तर म्हणाले, "अजून मान्यता नाही आली, मॅडम." मी म्हणाले, "माहीत आहे, सर." एवढंच बोलणं.

त्यांची मुदत संपत आली तेव्हा मान्यता आली. सगळ्या जागांची नाही, निम्म्या जागांची. इतिहासाला एक जागा आली. मी अर्ज केला, आणि त्या एका जागेला माझ्यासारखे कितीतरी. निवड समितीचे अध्यक्ष अर्थातच कुलगुरू.

मुलाखतीच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले. "जाऊन एक शब्द टाकून येतो," म्हणाले. आईनं त्यांची चप्पल लपवून ठेवली.

मुलाखत लांबली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी मला धारेवर धरलं. जुन्या करपद्धतीवर विचारलं, नव्या संशोधनावर विचारलं, एका विधानावर तर माझं आणि एका तज्ज्ञांचं चांगलंच वाजलं. सुकणे सर शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी बाहेर आले ती हरल्याच्या तयारीनं.

यादीत माझं नाव पहिलं होतं.

पेढे घेऊन मी त्यांच्या कार्यालयात गेले. खोली आवरायला सुरुवात झालेली होती, कारण त्यांचे शेवटचे दिवस होते. दगडांचे नमुने खोक्यात भरलेले.

"सर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही," मी म्हणाले.

"माझे कशाला?" त्यांनी पेढा घेतला. "मी तुम्हाला गुणच दिले नाहीत. तसं सुरुवातीलाच समितीला लिहून दिलं होतं. तुमच्या बाबतीत माझं मत सरळ राहिलं नसतं."

"का, सर?"

"अहो, तुम्ही मला शून्य दिलं होतं," ते म्हणाले. "माणूस विसरतो का?" आणि दुसरा पेढा उचलला.

मी घरी चालत आले. रस्ताभर मला हसू येत होतं आणि मध्येच डोळे भरत होते, दोन्ही एकदमच. अण्णा अंगणात वाट पाहत उभे होते. नेमणुकीचं ऐकून त्यांनी आधी देवाला हात जोडले, मग मला जवळ घेतलं, आणि मग त्यांच्यातला कुलसचिव जागा झाला.

"सुकण्यानं केलं ना शेवटी काम?"

"नाही, अण्णा. त्यांनी गुणच दिले नाहीत."

"मग तज्ज्ञ ओळखीचे निघाले?"

"एकाशी तर भांडण झालं."

"मंत्रालयातून कुणाचा फोन?"

"नाही."

"मग लागली कुणामुळं?"

"कुणामुळंच नाही, अण्णा. मीच लागले."

 सगळ्या कुलगुरूंची आणि सगळ्या नेमणुकांची अण्णांनी मनात उजळणी केली असावी. मग हळूहळू मान हलवत म्हणाले,

"असं होत नसतं, तनुजा."